आयर्लंडचा स्थानिक इतिहास : छायाचित्रे व कागदपत्रे यांचे जतन

आयर्लंडमधील गाव, पॅरिश व काउंटी या पातळीवरील इतिहासाच्या लिखित आणि चित्ररूप साधनांचे संकलन, संरक्षण व सूचिलेखन. यूरोपातील बहुतेक देशांत स्थानिक इतिहासाचा अभ्यासक प्रथम राष्ट्रीय अभिलेखागाराकडे वळतो आणि तेथे न मिळालेले गावात शोधतो. आयर्लंडमध्ये हा क्रम बराचसा उलटा झाला आहे. १९२२ च्या यादवी युद्धात डब्लिन येथील मध्यवर्ती दप्तरखाना भस्मसात झाला. त्यानंतर प्रामुख्याने तीन प्रकारचे कागद उरले : जे डब्लिनला पाठविलेच गेले नव्हते ते, ज्यांच्या कोणीतरी नकला करून ठेवल्या होत्या ते आणि जे जपून ठेवण्याच्या योग्यतेचे आहेत, असे कोणास वाटलेच नव्हते ते. आयरिश स्थानिक इतिहासाचे आजचे स्वरूप या अपघाती निवडीने घडविलेले आहे.

या इतिहासाचे मूळ एकक ‘टाउनलँड’ हे होय. टाउनलँड म्हणजे शहर नव्हे. ओढे, बांध व कुंपणे यांनी सीमित झालेली जमिनीची ही एक जुनी विभागणी असून आपल्याकडील मौजा किंवा वाडी हिच्याशी तिचे काहीसे साम्य आहे. देशात अशी एकके साठ हजारांवर आहेत. एखादे कूळ, एखादी पडकी भिंत किंवा एखादे छायाचित्र टाउनलँडच्या नावाशी जोडता आले, की त्याचा इतिहास हाती लागू शकतो. तसे जोडता आले नाही, तर ते साधन बहुधा मुके राहते. या एककांच्या सीमा व क्षेत्रफळे निश्चित करून करआकारणीत समानता आणावी, या हेतूने ऑर्डनन्स सर्व्हे या खात्याने टॉमस कोल्बी याच्या नेतृत्वाखाली १८२४ मध्ये आयर्लंडच्या मोजणीस प्रारंभ केला. एका मैलास सहा इंच या प्रमाणाचे संपूर्ण देशाचे नकाशे १८४६ पर्यंत पूर्ण झाले. नकाशावर घालावयाची नावे ठरविण्यासाठी जॉन ओडोनोव्हान हा आयरिश भाषेचा पंडित गावोगाव हिंडला. त्याने वृद्धांकडून उच्चार ऐकले, जुन्या कागदांतील वर्णलेखन ताडून पाहिले आणि डब्लिनच्या कार्यालयास सविस्तर पत्रे लिहिली. नकाशांवर छापलेली नावे इंग्रजी वळणाची झाली हे खरे. तथापि त्यांचे मूळ आयरिश रूप आज ज्या नोंदींवरून कळते, त्यांतील पुष्कळ ओडोनोव्हानच्याच आहेत. नकाशांबरोबर प्रत्येक पॅरिशचे वर्णनही लिहावे, अशी योजना होती. तीपैकी टेंपलमोर या पॅरिशचा एकच खंड १८३७ मध्ये प्रसिद्ध झाला. खर्च फार होतो या सबबीवर १८४० मध्ये हे काम थांबविण्यात आले आणि उरलेली हस्तलिखिते दीडशे वर्षे अप्रकाशित राहिली. १९९० ते १९९८ या काळात ती बेलफास्टहून चाळीस खंडांत छापून निघाली.

दप्तरखान्याचा नाश : पब्लिक रेकॉर्ड ऑफिस ऑफ आयर्लंड ही संस्था १८६७ च्या कायद्याने स्थापन झाली. लिफी नदीकाठच्या फोर कोर्ट्स या न्यायालयसंकुलात तिची इमारत होती. वाचनकक्षाचा भाग पुढे आणि ‘रेकॉर्ड ट्रेझरी’ हा दप्तरांचा सहा मजली भाग मागे, अशी तिची रचना होती. एका भागातील आग दुसऱ्यात जाऊ नये, याची काळजी बांधणीतच घेतलेली होती. तेराव्या शतकापासूनचे शासकीय कागद, न्यायालयांची दप्तरे, मृत्युपत्रे, जनगणनेचे तक्ते आणि चर्च ऑफ आयर्लंडच्या अनेक पॅरिशांमधील जन्म, विवाह व दफन यांच्या नोंदवह्या तेथे क्रमवार लावलेल्या होत्या. इंग्लंडशी झालेल्या तहाला विरोध करणाऱ्या सैनिकांनी १४ एप्रिल १९२२ रोजी हे संकुल ताब्यात घेतले आणि ट्रेझरीत दारूगोळा ठेवला. २८ जूनला तात्पुरत्या सरकारच्या सैन्याने तोफा डागण्यास सुरुवात केली. ३० जून रोजी मोठा स्फोट होऊन ट्रेझरी जळाली. जळके कागद कित्येक तास शहरावर तरंगत होते. या नाशाचा दोष दोन्ही बाजूंनी एकमेकांवर ठेवला. दप्तरखान्याचा अधिकारी हर्बर्ट वुड याने तेथील संग्रहांची मार्गदर्शिका तीनच वर्षे आधी, १९१९ मध्ये, प्रसिद्ध केली होती. तिच्यामुळे काय गेले हे नेमके सांगता येते. ज्ञानाच्या दृष्टीने ही मोठीच सोय असली, तरी ती मार्गदर्शिका चाळणे हा सुखाचा अनुभव नव्हे.

सर्व हानी १९२२ च्या माथी मारण्याची प्रवृत्ती लोकांत व काही पुस्तकांतही आढळते. ती बरोबर नाही. १८२१, १८३१, १८४१ व १८५१ या जनगणनांचे कुटुंबवार तक्ते आगीत गेले. त्यांचे काही तुटक भाग तेवढे उरले. परंतु १८६१ व १८७१ चे तक्ते आकडेवारी काढून झाल्यावर सरकारी हुकमानेच नष्ट करण्यात आले होते, तर १८८१ व १८९१ चे तक्ते पहिल्या महायुद्धाच्या काळात लगदा करण्यासाठी दिले गेले. म्हणजे चार जनगणना युद्धात नव्हे, तर कचेरीच्या शांततेत गेल्या. १८४१ मध्ये आयर्लंडची लोकसंख्या ८१,७५,१२४ होती आणि महादुष्काळानंतर, १८५१ मध्ये, ती ६५,५२,३८५ झाली. हे आकडे छापील अहवालांत सुरक्षित आहेत. त्या आकड्यांमागील नावे मात्र गेली आणि स्थानिक इतिहासकाराला नावेच हवी असतात.

काही नावे एका आडवाटेने परत मिळाली. १९०८ च्या कायद्यान्वये सत्तर वर्षांवरील गरजू व्यक्तींना जानेवारी १९०९ पासून निवृत्तिवेतन मिळू लागले. आयर्लंडमध्ये जन्मांची सार्वत्रिक नोंदणी १८६४ पासून सुरू झाल्यामुळे या वृद्धांपाशी वयाचा दाखला नसे. तेव्हा १८४१ किंवा १८५१ च्या जनगणनेत अर्जदाराचे नाव शोधून वय ठरविण्याची पद्धत पडली. अर्जदाराने आईबापांची नावे व टाउनलँड सांगावे, कारकुनाने तक्ता शोधून उतारा लिहावा, असा क्रम असे. मूळ तक्ते जळाले, शोधपत्रके उरली. एखाद्या वृद्धेने काही शिलिंगांसाठी केलेला अर्ज आज तिच्या जन्मघराचा एकमेव पुरावा ठरतो, असे अनेक गावांत घडले आहे.

१९०१ व १९११ च्या जनगणनेचे तक्ते ट्रेझरीत हलविलेले नव्हते, म्हणून ते बचावले. ते कुटुंबप्रमुखाने स्वतः भरून सही केलेले आहेत. त्यामुळे हस्ताक्षर, साक्षरता, धर्म, घरात बोलली जाणारी भाषा या सर्वांची साक्ष त्यांत मिळते. १९६१ मध्ये ते अभ्यासकांस खुले झाले आणि पुढे संगणकाद्वारे कोठूनही पाहता येऊ लागले. स्वतंत्र राज्याची पहिली जनगणना १९२६ ची. शंभर वर्षांच्या गोपनीयतेच्या नियमाने तिच्या मोकळिकीचे वर्ष २०२६ हे ठरले.

उरलेले कागद व नकला : १७०८ पासून जमीनव्यवहारांचे गोषवारे नोंदविणारे रजिस्ट्री ऑफ डीड्स हे कार्यालय वेगळ्या इमारतीत असल्याने त्याचे दप्तर अखंड राहिले. रिचर्ड ग्रिफिथ याने केलेली स्थावर मालमत्तेची मूल्यांकन-सूची १८४७ ते १८६४ या काळात छापली गेली होती. तीत प्रत्येक टाउनलँडमधील कब्जेदार, त्याला जमीन खंडाने देणारा, घर व जमीन यांचे मूल्य दिलेले आहे. हरवलेल्या जनगणनांऐवजी आज तीच वापरली जाते. अर्थात तीत केवळ कब्जेदाराचे नाव असते. त्याची बायकामुले आणि भूमिहीन मजूर तीत सापडत नाहीत. चर्चच्या नोंदवह्यांच्या बाबतीत दैवाने चमत्कारिक न्याय केला. चर्च ऑफ आयर्लंड हे पूर्वी राज्याचे अधिकृत चर्च असल्याने त्याच्या नोंदवह्या सार्वजनिक दप्तर मानल्या गेल्या आणि डब्लिनला आलेल्या बहुतेक जळाल्या. ज्या पॅरिशांनी सुरक्षित कपाट असल्याचे दाखवून वह्या स्वतःकडे ठेवण्याची परवानगी मिळविली, त्यांच्या वाचल्या. बहुसंख्य कॅथलिक समाजाच्या नोंदवह्यांना शासनाने कधी महत्त्वच दिले नव्हते. त्या गावच्या पाद्र्याकडेच राहिल्या आणि त्यामुळे टिकल्या. नॅशनल लायब्ररी ऑफ आयर्लंडने विसाव्या शतकाच्या मध्यास त्यांचे सूक्ष्मपटावर चित्रण सुरू केले. २०१५ मध्ये एक हजारावर पॅरिशांतील नोंदवह्यांच्या प्रतिमा सर्वांस विनामूल्य उपलब्ध झाल्या.

आगीपूर्वी ज्यांनी नकला केल्या, त्यांचे हेतू नेहमीच विद्वत्तेचे नव्हते. सर विल्यम बेथम या राजचिन्हांच्या अधिकाऱ्याने उमराव घराण्यांच्या वंशावळींसाठी १८०० पूर्वीच्या मृत्युपत्रांचे गोषवारे लिहून काढले होते. मूळ मृत्युपत्रे गेली आणि त्याच्या वह्या मूळाच्या पदवीस चढल्या. देशाच्या फाळणीनंतर बेलफास्ट येथे १९२३ मध्ये नॉर्दर्न आयर्लंडचे स्वतंत्र दप्तर-कार्यालय निघाले. त्याचा पहिला प्रमुख डी. ए. चार्ट याने पूर्वी डब्लिनच्या दप्तरखान्यातच काम केले होते. रिकाम्या फडताळांपासून सुरुवात करावी लागल्याने त्याने वकिलांच्या कचेऱ्या, जमीनदारांचे कारभारी आणि धर्मोपदेशक यांच्याकडे चिकाटीने पत्रव्यवहार करून खाजगी कागद व नकला मिळविल्या. शासकीय दप्तरखान्याने खाजगी कागदांसाठी दारोदार जावे, ही कल्पना त्या काळी नवीच होती. दक्षिणेत हे काम १९२८ मध्ये स्थापन झालेल्या आयरिश मॅन्युस्क्रिप्ट्स कमिशनने केले. ओएन मॅकनील हा तिचा पहिला अध्यक्ष होता. १९४० नंतरच्या दशकात तिच्या वतीने एडवर्ड मॅकलायसाट व जॉन एन्सवर्थ यांनी खाजगी संग्रहांची पाहणी केली. १९२० ते १९२३ या काळात जमीनदारांचे अडीचशेहून अधिक वाडे जाळले गेले होते आणि त्यांच्याबरोबर खंडवसुलीच्या वह्याही. त्या वह्यांत कुळांची नावे होती, ही गोष्ट आग लावणाऱ्यांच्या ध्यानात आली नसावी.

याउलट काउंटी रॉसकॉमनमधील स्ट्रोक्सटाउन पार्क या वाड्याचे दप्तर राहिले. वाड्याचा मालक मेजर डेनिस मॅहन याची २ नोव्हेंबर १८४७ रोजी गोळी घालून हत्या झाली. त्याच वर्षी त्याने कुळांतील सु. दीड हजार माणसांना कॅनडात रवाना केले होते. १९७९ मध्ये ही मालमत्ता एका स्थानिक व्यावसायिकाने विकत घेतली, तेव्हा कचेरीत कागदांचे ढीग तसेच पडलेले होते. त्यांत क्लूनाही या टाउनलँडमधील कुळांनी ऑगस्ट १८४६ मध्ये कामासाठी केलेला विनंतीअर्ज होता. हा अर्ज वाचल्यावर नव्या मालकाने वाड्याचे दप्तर जपण्याचे ठरविले आणि १९९४ मध्ये तेथेच दुष्काळाचे संग्रहालय सुरू झाले. या संग्रहातील कागदांची संख्या पन्नास हजारांवर आहे.

छायाचित्रे : कागदपत्रांत जे लिहिले गेले नाही, त्यातील पुष्कळ छायाचित्रांत आपोआप उतरले. यांतील सर्वांत मोठ्या संग्रहांपैकी एक विल्यम लॉरेन्स या व्यापाऱ्याचा आहे. डब्लिनच्या सॅकव्हिल स्ट्रीटवर मुख्य टपालकार्यालयासमोर त्याचे दुकान होते. रॉबर्ट फ्रेंच (१८४१–१९१७) हा पूर्वी पोलीस शिपाई असलेला गृहस्थ त्याच्याकडे छायाचित्रकार झाला आणि तीन दशकांहून अधिक काळ काचेच्या पट्ट्या व तिपाई घेऊन देशभर फिरत राहिला. १९१६ च्या ईस्टर उठावात लॉरेन्सचे दुकान लुटले जाऊन जळाले आणि व्यक्तिचित्रांच्या पट्ट्या गेल्या. स्थलदर्शनाच्या पट्ट्या दुसरीकडे ठेवलेल्या असल्याने राहिल्या. नॅशनल लायब्ररीने १९४३ मध्ये सु. ४०,००० पट्ट्यांचा हा संग्रह विकत घेतला.

लॉरेन्सचा धंदा पोस्टकार्डांचा व पर्यटकांसाठी दृश्ये विकण्याचा होता, हे विसरून चालत नाही. म्हणून बाजारपेठ, रेल्वेस्थानक, हॉटेल, धबधबा असे विषय त्यात भरपूर आहेत आणि मजुराच्या झोपडीचा अंतर्भाग जवळजवळ नाही. पावसाळी देशात काढलेल्या या चित्रांत पाऊस क्वचितच दिसतो. तरीही दुकानांवरील पाट्या, रस्त्यावरील चिखल, अनवाणी मुले, गवताने शाकारलेली छपरे यांची साक्ष छायाचित्रकाराच्या हेतूवर अवलंबून नसते. काउंटी क्लेअरमधील किलरश येथे व्हँडेलर जमीनदारीतील कुळांना १८८८ च्या जुलैमध्ये घरांतून हुसकावण्यात आले, त्या प्रसंगाची चित्रेही या संग्रहात आहेत. भिंत फोडण्याचा ओंडका, सैनिकांची रांग आणि अंगणात टाकलेले सामान त्यांत स्पष्ट दिसते. जमीन चळवळीचा कोणताही सरकारी अहवाल एवढा तपशील देत नाही.

इतर संग्रहांचा स्वभाव निराळा आहे. वॉटरफर्ड येथील पूल कुटुंबाचा स्टुडिओ १८८४ ते १९५४ पर्यंत चालला. त्याच्या सु. ६५,००० पट्ट्या नॅशनल लायब्ररीत असून चित्र कोणी काढवून घेतले याच्याही नोंदी असल्याने सामान्य नागरिकांचे चेहरे नावांसह मिळतात. काउंटी गॉलवेमधील क्लॉनब्रॉकच्या डिलन घराण्यातील मंडळी हौशी छायाचित्रकार होती. त्यांची चित्रे व जमीनदारीचे दप्तर दोन्ही एकाच ग्रंथालयात आल्यामुळे चित्र आणि हिशेबाची वही शेजारी ठेवून वाचता येतात. अशी जोडी क्वचितच जमते. बेलफास्टच्या रॉबर्ट जॉन वेल्श (१८५९–१९३६) याच्या पट्ट्या अल्स्टर म्यूझियममध्ये आहेत. फ्रान्सिस ब्राउन (१८८०–१९६०) या जेझुइट धर्मगुरूची कथा प्रसिद्धच आहे. १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ जहाजातून साउदॅम्प्टन ते क्वीन्सटाउन एवढाच प्रवास करून तो उतरला, म्हणून त्याची चित्रे उरली. मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी, १९८५ मध्ये, एका पेटीत त्याच्या सु. ४२,००० निगेटिव्ह सापडल्या. त्यांतील बहुतेक जहाजाच्या नसून आयर्लंडमधील गावांच्या, यात्रांच्या व कामकऱ्यांच्या आहेत. प्रसिद्धी मात्र जहाजालाच मिळाली.

काचेवरील जिलेटिनचा थर ओलाव्याने फुगतो व सुटतो. म्हणून पट्ट्या आम्लरहित कागदात गुंडाळून उभ्या ठेवाव्या लागतात. नायट्रेट फिल्म आपोआप विघटित होते व अत्यंत ज्वालाग्राही असते. ती वेगळी व थंड जागी ठेवून तिच्यावरील चित्र टिकाऊ माध्यमावर उतरवावे लागते. परंतु वस्तू वाचविणे हा जतनाचा अर्धाच भाग होय. स्थळ व काळ न कळलेले चित्र इतिहासाच्या फारसे उपयोगी पडत नाही. १९९०–९१ मध्ये स्थानिक इतिहासमंडळांच्या स्वयंसेवकांनी लॉरेन्स संग्रहातील एक हजार चित्रांच्या जागा शोधून, त्याच ठिकाणी उभे राहून पुन्हा चित्रे काढली. यामुळे अनेक मथळ्यांची शहानिशा करता आली. नॅशनल लायब्ररीने २०११ पासून अनोळखी चित्रे लोकांसमोर ठेवून ती ओळखण्यास वाचकांना पाचारण केले. कोपऱ्यावरील दुकानाची पाटी, गाडीचा नोंदणीक्रमांक, मनोऱ्यावरील घड्याळ अशा खुणांवरून जाणकार वाचक साल व स्थळ ठरवितात. १९९८ मध्ये डब्लिनच्या टेंपल बार भागात लायब्ररीची नॅशनल फोटोग्राफिक आर्काइव्ह ही स्वतंत्र शाखा सुरू झाली.

शाळकरी मुलांचा संग्रह : आयरिश फोकलोअर कमिशनने (स्थापना १९३५) १९३७ ते १९३९ या काळात प्राथमिक शाळांतील वरच्या वर्गांच्या मुलांकडून गावाची माहिती लिहवून घेतली. पडक्या इमारती, पवित्र झरे, दुष्काळातील आठवणी, घरगुती औषधे, शेतांची नावे असे विषय मुलांनी घरातील व शेजारच्या वृद्धांना विचारून वह्यांत उतरविले. सु. ५,००० शाळांनी भाग घेतला आणि ७,४०,००० पृष्ठे जमली. जे कोणत्याही दप्तरात कधीच नव्हते, ते यामुळे प्रथमच कागदावर आले. नॉर्दर्न आयर्लंडच्या सहा काउंटी या योजनेबाहेर राहिल्या, ही तिची मोठी उणीव होय. संग्रह आता युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनमध्ये असून कमिशनच्या एकूण संकलनाचा समावेश यूनेस्कोने २०१७ मध्ये जागतिक स्मृतिपटात केला.

अलीकडील कार्य : १९८६ च्या कायद्यानुसार पब्लिक रेकॉर्ड ऑफिस व डब्लिन कॅसलमधील स्टेट पेपर ऑफिस यांचे विलीनीकरण होऊन १९८८ मध्ये नॅशनल आर्काइव्ह्ज ही संस्था अस्तित्वात आली. १९९४ च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर आपली दप्तरे जपण्याचे बंधन घातले. त्यामुळे दुष्काळकालीन अनाथ-निर्धनगृहांची इतिवृत्ते काउंटीच्या ठिकाणीच वाचावयास मिळू लागली. डब्लिनच्या कस्टम हाउसला २५ मे १९२१ रोजी लावलेल्या आगीत याच विषयावरील मध्यवर्ती कागद गेलेले असल्याने या इतिवृत्तांचे मोल अधिक आहे. ट्रेझरीच्या राखेतून वेचलेली जळकी चर्मपत्रे कित्येक दशके पुडक्यांत बांधूनच राहिली होती. त्यांतील बरीच आता आर्द्रता देऊन हळूहळू उलगडण्यात आली आहेत. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकाराने, अनेक देशांच्या अभिलेखागारांतील नकला व प्रतिलेख एकत्र करून, जळालेल्या ट्रेझरीचे संगणकीय प्रतिरूप तयार झाले. आगीच्या शताब्दीस, जून २०२२ मध्ये, ते सर्वांस खुले झाले.

लँड कमिशनच्या दप्तराचा प्रश्न मात्र वेगळा आहे. १८८१ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाने जमीनदारांच्या जमिनी कुळांच्या मालकीच्या केल्या. त्या व्यवहारांतील खंडाच्या याद्या, नकाशे, जुनी खरेदीपत्रे व तपासनिसांचे अहवाल त्याच्याकडे जमले. मंडळ १९९९ मध्ये बरखास्त झाले आणि कागद पोर्टलीश येथील कोठारात गेले. ते जळाले नाहीत, भिजले नाहीत. पण सर्वसाधारण अभ्यासकास दीर्घकाळ ते पाहता येत नसत. त्याच मंडळाचे नॉर्दर्न आयर्लंडमधील जमिनींचे कागद बेलफास्टच्या दप्तर-कार्यालयात वाचकांस दिले जातात. त्यामुळे फर्मना काउंटीतील शेतकऱ्याला आपल्या पणजोबाच्या शेताची फाइल मागविता येई आणि सीमेपलीकडील मॉनहन काउंटीत राहणाऱ्या त्याच्या भाऊबंदांना तीच मागणी केवळ अर्जावर ठेवावी लागे.